शरीरघटन, मेद व व्यायाम

शरीरघटन म्हणजे मानवी शरीराच्या एकूण वजनात मेद, स्नायू, अस्थी, पाणी व इतर ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचे समूह) यांचे परस्परप्रमाण होय. वजनकाटा या सर्वांचे एकत्रित वजन दाखवितो. त्यात मेद किती व स्नायू किती, हे त्यावरून कळत नाही. वजन कमी होणे आणि मेद कमी होणे या म्हणूनच दोन भिन्न गोष्टी आहेत. उपवास, जुलाब किंवा घाम यांमुळे वजन लवकर उतरते, पण त्यात मेदाचा वाटा अल्प असतो. याउलट नियमित व्यायामाने मेद घटला आणि स्नायू वाढले, तर वजन जवळजवळ पूर्वीइतकेच राहू शकते. हा भेद भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. कारण दिसण्यात सडपातळ असणाऱ्या पुष्कळ भारतीयांच्या शरीरात मेदाचे प्रमाण बरेच असते व त्यामुळे त्यांना मधुमेह आणि हृद्रोग यांचा धोका अधिक असतो. प्रस्तुत नोंदीत शरीरघटनाच्या मापनपद्धती, त्यांच्या मर्यादा आणि व्यायामाने मेद कमी होण्याची क्रिया यांचे वर्णन जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या जीवनमानाचा संदर्भ घेऊन केले आहे.

मेदाचे कार्य व प्रकार : मेद हा शरीरातील ऊर्जेचा मुख्य साठा होय. १ ग्रॅ. मेदापासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच कार्बोहायड्रेटापासून किंवा प्रथिनापासून ती सु. ४ किलोकॅलरी मिळते. शरीरातील उष्णता टिकविणे, आंतरांगांना आघातापासून जपणे आणि काही हॉर्मोने निर्माण करणे ही कार्येही मेद ऊतक करते. भूक व ऊर्जासाठा यांची सांगड घालणाऱ्या लेप्टीन या हॉर्मोनाचा शोध १९९४ मध्ये लागला, तेव्हापासून मेद ऊतक हे केवळ निष्क्रिय कोठार आहे, ही कल्पना मागे पडली. मेद पूर्णपणे नाहीसा करणे हे आरोग्याचे उद्दिष्ट असू शकत नाही. जीवनावश्यक मेदाचे प्रमाण पुरुषांत वजनाच्या सु. ३ टक्के व स्त्रियांत सु. १२ टक्के मानतात. स्त्रियांतील अधिक प्रमाण प्रजननक्रियेशी निगडित असून ते दोष नव्हे. सामान्यतः पुरुषांत २५ टक्क्यांहून व स्त्रियांत ३५ टक्क्यांहून अधिक मेद असल्यास त्यास अतिमेद म्हणतात. स्त्रियांसाठी ही मर्यादा काही तज्ञ ३० टक्के धरतात.

मेदाच्या एकूण प्रमाणाइतकेच त्याचे स्थानही महत्त्वाचे असते. त्वचेखालील मेद चिमटीत धरता येतो व तो तुलनेने कमी घातक असतो. उदरपोकळीत आतडी, यकृत इत्यादींभोवती साठणारा आंतरांगी मेद बाहेरून दिसत नाही. त्यातून सुटणारी वसाम्ले प्रवेशिका नीलेवाटे सरळ यकृतात जातात. यकृतात मेद साठू लागतो, इन्शुलिनाचा परिणाम मंदावतो आणि रक्तातील ग्लुकोज व मेदद्रव्ये यांचे नियमन बिघडते. हातपाय बारीक पण पोट पुढे आलेले, ही शरीरयष्टी त्यामुळे विशेष दक्षतेची सूचक ठरते.

शरीर वस्तुमान निर्देशांक : किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. हे गुणोत्तर बेल्जियन गणितज्ञ आदॉल्फ केटले यांनी १८३२ मध्ये मांडले व त्यास प्रचलित नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीझ व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये दिले. मोठ्या लोकसमूहाच्या पाहणीस तो सोयीचा आहे. परंतु एकेका व्यक्तीच्या बाबतीत तो दिशाभूल करू शकतो. उदा., १६५ सेंमी. उंच व ६१ किग्रॅ. वजनाच्या दोन पुरुषांचा निर्देशांक २२.४ असाच येईल. त्यांपैकी एक बाजार समितीत पोती वाहणारा हमाल असून त्याचे मेदप्रमाण १२ टक्के असेल, तर त्याच्या शरीरात सु. ७.३ किग्रॅ. मेद असेल. दुसरा दिवसभर बसून काम करणारा लेखनिक असून त्याचे प्रमाण २४ टक्के असेल, तर त्याच्या शरीरात दुप्पट म्हणजे सु. १४.६ किग्रॅ. मेद असेल. वजनकाटा, उंची व निर्देशांक या तिन्ही कसोट्यांवर ते दोघे सारखेच ठरतील.

हे उदाहरण केवळ काल्पनिक नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ञ चित्तरंजन याज्ञिक व इंग्‍लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापने प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र क्ष-किरण मापनानुसार युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. युडकिन हे मॅरेथॉन धावणारे होते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. तथापि हा फरक केवळ व्यायामातून येतो असे नाही. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. आढळले; इंग्‍लंडमधील साउथॅम्पटन येथील अर्भकांचे ते सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याकडील अर्भकांचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान होती. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणाचा वारसा अशा प्रकारे जन्मापासूनच शरीरघटनात दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांत कुपोषण व अतिमेद यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही, तो याच कारणाने. अपुऱ्या वजनाने जन्मलेले मूल पुढे बैठ्या जीवनाकडे व भरपूर अन्नाकडे वळले की, त्याला मधुमेहाचा धोका वाढतो.

या निष्कर्षांना अनुसरून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी निर्देशांकाचे २३ व २७.५ हे दक्षतेचे टप्पे सुचविले. भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये २३ ते २४.९ हे अतिवजन व २५ आणि त्यापुढे स्थूलता, अशी मर्यादा ठरविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांत मधुमेह आढळला, तर उदरीय स्थूलता ३९.५ टक्के लोकांत आढळली.

मापनपद्धती : जिवंत माणसाच्या शरीरातील मेद प्रत्यक्ष काढून मोजता येत नाही, प्रत्येक पद्धती दुसऱ्याच एखाद्या राशीचे मापन करून त्यावरून मेदाचे अनुमान बांधते.

(१) जलांतर्गत वजन : अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेंकी यांनी १९४२ च्या सुमारास ही पद्धती विकसित केली. ती आर्किमिडीज यांच्या तत्त्वावर आधारलेली आहे. मेदाची घनता दर घ. सेंमी.ला सु. ०.९ ग्रॅ., तर मेदविरहित शरीराची सु. १.१ ग्रॅ. असते. म्हणून मेदाचे प्रमाण जितके अधिक, तितके शरीर पाण्यात हलके भरते. ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाचे पाण्याखालील वजन २.८ किग्रॅ. भरले, तर फुप्फुसांत व आतड्यांत राहिलेली हवा वजा जाता त्याच्या शरीराची घनता सु. १.०६९ येते. सिरी यांच्या सूत्रानुसार ४९५ ला या घनतेने भागून ४५० वजा केले असता मेदाचे प्रमाण सु. १३ टक्के मिळते. विहिरीत किंवा तापीच्या डोहात पोहताना काहींना सहज तरंगता येते व काटक माणूस मात्र लवकर बुडू लागतो, या नेहमीच्या अनुभवामागे हेच तत्त्व आहे.

(२) त्वचावलीची जाडी : दंडाची पुढील व मागील बाजू, खांद्याच्या फऱ्याखालील जागा आणि कमरेच्या हाडावरील जागा या चार ठिकाणी त्वचेची घडी ठराविक दाबाच्या चिमट्याने मोजतात. ग्लासगो येथील डर्निन व वोमर्झली यांची १९७४ मधील सूत्रे यासाठी सर्वत्र वापरली जातात. साधन स्वस्त असले, तरी मोजणाऱ्याचा हात सरावाचा असावा लागतो. शिवाय ही सूत्रे यूरोपीय लोकांच्या मापनांवरून काढलेली असल्याने भारतीयांच्या बाबतीत त्यांचे उत्तर अंतिम मानू नये. आंतरांगी मेद चिमट्यात येतच नाही.

(३) द्विऊर्जा क्ष-किरण मापन : दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जाताना अस्थी, मेद व इतर मृदू ऊतके यांत वेगवेगळ्या प्रमाणात शोषले जातात. त्यावरून तिन्हींचे प्रमाण व शरीराच्या प्रत्येक भागातील मेद कळतो. किरणांची मात्रा अल्प असते. तथापि गर्भवती स्त्रियांवर ही तपासणी करीत नाहीत. यंत्र महाग असल्याने ते मोठ्या रुग्णालयांत व संशोधनसंस्थांतच आढळते.

(४) विद्युत् संरोध : व्यायामशाळांत व घरोघरी आढळणारे, मेदाची टक्केवारी दाखविणारे वजनकाटे या तत्त्वावर चालतात. अतिशय क्षीण प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह शरीरातून सोडला असता पाणी व क्षार असलेल्या स्नायूंतून तो सहज वाहतो. मेदातून त्यास अडथळा होतो. मेदविरहित शरीरात सु. ७३ टक्के पाणी असते, असे गृहीत धरून यंत्र मेदाचे गणित करते. हे गृहीतकच या पद्धतीतील दोषाचे मूळ होय. शरीरातील पाणी घटले की, यंत्र मेद वाढल्याचे दाखविते. त्वचा तापलेली व घामाने ओली असल्यास ते उलट मेद घटल्याचेही दाखवू शकते. भुसावळ व जळगाव येथे मे महिन्यात तापमान अनेकदा ४५° से. च्या आसपास जाते. अशा दिवशी दुपारी शेतातून येऊन काट्यावर उभे राहणाऱ्यास मिळालेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. केवळ पायांखाली धातूच्या पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो. पोटातील मेदाचा आकडा यंत्र मोजत नाही, तर अंदाजाने देते. या काट्याचा उपयोग करायचा झाल्यास रोज सकाळी, शौचानंतर व काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच यंत्रावर मोजावे आणि एका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता काही आठवड्यांचा कल पहावा.

(५) कमरेचा घेर : सर्वांत स्वस्त साधन शिंप्याची फीत हे असून आंतरांगी मेदाचा अंदाज देण्यात ते वजनकाट्यापेक्षा सरस ठरते. शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर, फीत आडवी व न आवळता धरून मोजावे. विजारीचा पट्टा पुष्कळदा पोटाच्या खाली बांधला जातो व परकराची नाडीही निराळ्या उंचीवर असते; म्हणून कपड्याच्या मापावरून घेर ठरवू नये. विजारीचे माप वर्षानुवर्षे तेच राहूनही पोट वाढलेले असू शकते. भारतीय पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही उदरीय स्थूलतेची मर्यादा मानतात. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा नियमही उपयुक्त आहे. त्यानुसार १६५ सेंमी. उंचीच्या व्यक्तीचा घेर ८२.५ सेंमी.च्या आत असावा.

मेदाचा व्यय : श्रमाच्या वेळी ॲड्रेनॅलीन इ. हॉर्मोनांच्या प्रभावाने मेद कोशिकांतील मेदाचे वसाम्ले व ग्लिसरॉल यांत विघटन होते. वसाम्ले रक्तावाटे स्नायूंकडे जातात व तेथे ऑक्सिजनाच्या साहाय्याने त्यांचे ज्वलन होते. ऑस्ट्रेलियातील मीरमन व ब्राउन यांनी २०१४ मध्ये केलेल्या गणितानुसार १० किग्रॅ. मेदाचे ज्वलन झाल्यास त्या मेदाच्या वस्तुमानापैकी ८.४ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने श्वासावाटे व १.६ किग्रॅ. पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. घामाबरोबर मेद वितळून जातो, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. घामाने उतरलेले वजन तांब्याभर पाण्याने भरून येते. रबरी किंवा जाड कपडे घालून उन्हात धावणे निरुपयोगी तर आहेच. खानदेशातील उन्हाळ्यात त्यामुळे उष्माघात होऊन प्राणही जाऊ शकतो.

ज्या अवयवाला व्यायाम द्यावा तेथीलच मेद जातो, ही समजूतही निराधार आहे. टेनिस खेळाडूंचा खेळता हात दुसऱ्या हातापेक्षा अधिक स्नायुयुक्त असतो. तथापि दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या मेदाच्या जाडीत फरक नसतो, असे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. मेद मात्र सर्व शरीरातून, हॉर्मोनांच्या नियमनानुसार खर्च होतो.

खानदेशातील श्रम व आहार : पूर्वी दैनंदिन कामातच मोठा व्यायाम घडत असे. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितांत जात्यावरचे दळण, पेरणी, कापणी, मळणी व उपणणी ही कामे येतात. स्त्रीपुरुषांच्या रोजच्या ऊर्जाव्ययाची ती जणू यादीच आहे. पिठाची गिरणी, नळ, ट्रॅक्टर, केळीच्या बागांतील ठिबक सिंचन व मोटारसायकल यांमुळे हे कष्ट हलके झाले, ही इष्टच गोष्ट होय. मात्र आहार त्या प्रमाणात बदलला नाही. ज्वारीची किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या व वांग्याचे भरीत हा येथील मूळ आहार सकस आहे. शेवभाजीवरील तर्री, भरितातील शेंगदाण्याचे तेल व आखाजीच्या दिवसांत आमरसाबरोबर खाल्ली जाणारी खापरावरची पुरणपोळी यांतील ऊर्जा दिवसभर राबणाऱ्या शरीराला पचत असे.

या दोहोंचा हिशेब साध्या गणिताने मांडता येतो. सपाट रस्त्यावर चालताना वजनाच्या दर किलोग्रॅमला दर किलोमीटरमागे सु. अर्धी किलोकॅलरी जादा खर्च होते. ६० किग्रॅ. वजनाची व्यक्ती तासाभरात ५ किमी. चालल्यास तिचे सु. १५० किलोकॅलरी खर्च होतात; एक मोठा चमचा (१५ ग्रॅ.) तेलातून १३५ मिळतात. संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला सु. महिनाभराच्या पायी प्रवासाने जाते. एखादा वारकरी दिवसाला २० किमी. चालला, तर त्याचे सु. ६०० किलोकॅलरी जादा खर्च होतील. १ किग्रॅ. मेद ऊतकात सु. ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आहार न वाढल्यास रोज ८० ग्रॅ.च्या आत व महिन्यात सु. २ किग्रॅ. मेद ऊतक कमी होईल. इतक्या चालण्यानेही मेद इतकाच उतरतो, तेव्हा पंधरा दिवसांत दहा किलो मेद घटविण्याची जाहिरात खरी असू शकत नाही. रोज तासभर चालून वर्षाकाठी सात किलो हे गणितही कागदावरचे आहे; वजन उतरू लागले की शरीराचा ऊर्जाव्यय घटतो व भूक वाढते, त्यामुळे प्रत्यक्षातील घट त्याहून कमी असते. आहारातील संयमाची जोड म्हणूनच आवश्यक ठरते.

व्यायामाचे प्रकार व प्रमाण : व्यायामाचे मोल केवळ खर्च झालेल्या ऊर्जेवरून ठरत नाही. कॅनडातील रॉस व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल पुरुषांच्या एका गटाने तीन महिने रोज व्यायाम केला व तितकाच आहार वाढवून वजन कायम ठेवले. तरीही त्यांचा आंतरांगी मेद घटला. वजन उतरत नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. काटा जागचा हलत नसतानाही फीत सैल होत जाते व हेच खरे फळ होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा व किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम करावा. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत वेगाने चालणे हा मध्यम व्यायाम समजावा. बलवर्धनासाठी तालमीतील जोर व बैठका या महागड्या यंत्रांइतक्याच उपयोगी आहेत. केवळ उपवासाने वजन घटविल्यास मेदाबरोबर स्नायूही झिजतात. बलवर्धक व्यायाम आणि डाळी, दूध, अंडी यांसारखी प्रथिने यांमुळे ती झीज आटोक्यात राहते. भारतीयांचे स्नायू जन्मतःच तुलनेने कमी असल्याने हा भाग गौण मानता येत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण धुळे व जळगाव येथील मैदानांवर पहाटे धावताना दिसतात. भरतीत उंची, छातीचा घेर व ती फुगविण्याची क्षमता मोजतात आणि १,६०० मी. व १०० मी. धावणे व गोळाफेक यांची चाचणी घेतात. यांपैकी कशानेही मेद मोजला जात नाही. मात्र त्यासाठी होणाऱ्या सरावात धावणे व बलवर्धन यांचा योग्य मेळ असतो. निवड झाली अथवा न झाली, तरी हा सराव एकाएकी बंद पडून आहार तेवढाच राहिला की, काही वर्षांतच पोट वाढू लागते. व्यायाम हा परीक्षेपुरता नसून आयुष्यभराचा असावा लागतो, याचे हे नेहमीचे उदाहरण होय.

उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर व्यायाम करावा आणि आधी व नंतर पाणी प्यावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा असाधारण धाप लागल्यास त्वरित थांबावे. मधुमेहावर इन्शुलीन अथवा गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातील ग्लुकोज व्यायामाने एकदम उतरू शकते. त्यांनी, तसेच हृद्रोगी व गर्भवती स्त्रिया यांनी, वैद्यकीय सल्ल्याने व्यायाम ठरवावा. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये.

मापनांचा अन्वयार्थ : कोणतेही एक माप पुरेसे नसते. महिन्यातून एकदा कमरेचा घेर व वजन यांची नोंद ठेवावी. घेर घटत असून वजन स्थिर असल्यास मेद जाऊन स्नायू वाढत आहेत, असे समजावे. वजन घटत असून घेर तेवढाच राहिल्यास पाणी किंवा स्नायू कमी होत असण्याचा संभव असतो. प्रयत्न न करता वजन उतरत असल्यास मधुमेह, क्षय इ. विकारांची तपासणी करून घ्यावी. मेदाच्या टक्केवारीतील दोन-तीन टक्क्यांचा फरक यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेतच मोडतो. त्याने हुरळून अथवा खचून जाऊ नये. काटा सडपातळ ठरवील अशा व्यक्तीनेही घेर मर्यादेबाहेर असल्यास रक्तातील ग्लुकोज व रक्तदाब तपासून घेणे हितावह असते.